शिवणक्लासची हरवलेली खोली

१

सोमवारी सकाळी साडेदहाला तृप्तीने खुर्ची मागे ढकलली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मॅडम, खोली गेली."

"कुठली खोली?"

"शारदाबाईंची. फाइलच नाही दिसू राहिली."

मी उठून तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं. फोल्डर जागेवर होता, आत जुना फोटो होता, भिंतींचे रंग होते, पण कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या खोलीची, म्हणजे मॉडेलची फाइल नव्हती. मग मी माझ्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क लावली. तिच्यातही तेवढी एकच फाइल गायब. ताटातून कुणी नेमका दराब्याचा गोड घास उचलावा आणि बाकी सगळं तसंच ठेवावं, तसं झालं होतं.

आमचा स्टुडिओ बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ, जिना चढून वर; मी, तृप्ती आणि मोहित, एवढेच तिघं. लोकांची न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करायची आणि फोटोसारखी दाखवायची, हा आमचा धंदा. फोपनारचा केळीवाला येतो, हॉलमध्ये झुंबर पाहिजे म्हणतो. आठ दिवसांनी त्याला झुंबर दिसतं, सोफ्यावर पडलेलं दुपारचं ऊनही दिसतं, आणि प्लॉटवर मात्र अजून कपाशी उभी असते.

गेलेली खोली परत उभी करून द्या, असं मात्र पंधरा वर्षांत एकट्या रजनीताईंनीच सांगितलं. त्यांच्या सासूबाई म्हणजे शारदाबाई. इतवाऱ्यात एका दुकानाच्या वर त्यांनी तीस वर्षं शिवणक्लास चालवला. रस्ता रुंद झाला, इमारत गेली, आता तिथे मोबाइलचं शोरूम आहे. शारदाबाईंचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेला, दुसऱ्याचं ऑपरेशन बुधवारी इंदूरला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की नजर राहील किंवा जाईल, काही सांगता येत नाही.

"त्याच्याआधी एक डाव माझी खोली पाहू द्या," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

उरलेल्या डोळ्याला बारीक काही दिसत नाही, म्हणून आठ फुटी कॅनव्हास छापायचा ठरला. शनिवारी दुपारी रजनीताईंनी छोटं चित्र बघून ओके म्हटलं आणि मी फर्मान काढलं, आता यातला एक ठिपकाही कुणी हलवायचा नाही. सोमवारी संध्याकाळी मोठा रेंडर लावायचा, म्हणजे कॉम्प्युटर मॉडेलवरून मोठं चित्र तयार करतो, त्याला नऊ तास लागतात. मंगळवारी सकाळी खाली कडूभाऊ छापणार आणि चार वाजता शारदाबाई येणार.

"ते छोटं चित्र आहे ना डेस्कटॉपवर?" मी विचारलं. "तेच मोठं करून छापलं तर?"

"मॅडम, ठिपके फुटून भूत दिसेल," तृप्ती म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि आमचे रोजचे पाहुणे आले.

२

पंडित सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी सफरचंदाची सावली काढायला शिकवलं. बाकीच्या निम्म्यांना ती आजवर जमलेली नाही, मी त्यांतली. रोज अकराला ते आमच्या एसीत बसून पेपर वाचतात आणि जाताना आमचं एखादं चित्र बघून म्हणतात, "ऊन खोटं आहे." झालं, माझा दिवस खराब.

त्या दिवशी मी त्यांना पेपर उघडूच दिला नाही. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला.

"चोरानं काय नेलं ते कळलं. काय ठेवलं?"

"छोटं चित्र, जुना फोटो, रंगांचे नमुने. बाकी सगळं."

"मग हा काम बिघडवणारा नव्हे. बिघडवणारा सगळंच पुसतो. आणि चित्र पळवणाराही नव्हे, कारण चित्र तर इथेच आहे. याला फक्त मॉडेल पाहिजे होतं." त्यांनी तृप्तीकडे खुर्ची वळवली. "बाळ, पासवर्ड कुणाकुणाला माहीत?"

"मॅडमला, मला आणि मोहितला. ड्रॉवर तर खुलाच असतो." तिचा चेहरा उतरला होता. "सर, मला माहीत आहे मॅडमला काय वाटतं. इंदूरहून मला ऑफर आली आहे, हे खरं. पण जायचंच असतं तर मी सांगून गेली असती ना. कोणाचं काम घेऊन कशाला जाईन?"

मला तसं वाटत होतं, हे खरंच होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"खोली तू बांधलीस?"

"हो सर. भिंती, खिडकी, दार, मोठं टेबल, सगळं फोटोवरून. मी देडतलाईची, तो क्लास मी कुठे बघितला? मशिनी मात्र मी नाही बनवल्या. नेटवर तयार मॉडेल मिळतं. एक घेतलं आणि आठदा ठेवलं. ऊन आणि सामान मोहितचं."

"मोहित कुठे आहे?"

"दुपारी येतो म्हणाला. तब्येत बरी नाही."

सरांनी छोटं चित्र उघडायला सांगितलं. आपण दारात उभे आहोत, उजव्या भिंतीला मोठी खिडकी, तिच्यातून ऊन आत आलंय, आठ मशिनी, मधे लांब कापणीचं टेबल. रिकामी खोली, पण आत्ताच सगळ्याजणी पाणी प्यायला उठून गेल्यासारखी. मला ती फार आवडायची. माझ्या आईनं असल्याच एका क्लासात माझा पहिला फ्रॉक शिवला होता.

मी वाट बघत होते, सर नेहमीचं वाक्य म्हणतील. ते म्हणाले नाहीत. चित्राकडे बघत ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताशी चाळा करत होते, जणू हातात सुई होती.

"मूळ फोटो कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

३

मूळ फोटो नव्हताच. रजनीताईंना ट्रंकेत फक्त निगेटिव्हचा एक तुकडा सापडला होता, कडा कसरीनं खाल्लेल्या. तो खाली कडूभाऊंनी स्कॅन करून दिला. कडूभाऊंचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे आणि जिन्याच्या दाराची एक चावी त्यांच्याकडे असते. जिन्यातला कॅमेरा नुसता शोभेचा, तोही त्यांनीच लावलेला.

"ताई, माझ्यावर आळ नका घेऊ," सरांनी बोलावल्यावर वर येता येताच ते म्हणाले. "चावी हाये माझ्याजवळ, पण तुमचा पासवर्ड मले काय मालूम? अन् उद्याचं कॅनव्हास मीच छापणार. माझंच काम मी कशाला बुडवू?"

"शनिवारी सगळ्यात शेवटी कोण खाली उतरलं?" सरांनी विचारलं.

"मोहित. मी शटर ओढू राहिलो होतो. हाक मारली तर बोललाच नाही. दोन जिने चढल्यासारखा चेहरा होता पोराचा."

"आणि ती निगेटिव्ह?"

कडूभाऊ खुलले. "सर, दहा वर्षांनी हातात आली हो! पयले आपलं कामच ते होतं. दिवसाला शंभर-शंभर पट्ट्या धुवायचो. आता बोटालेही आठवत नाही कोणती बाजू चकचकीत अन् कोणती फिकी." त्यांनी बोटं चोळून दाखवली. तो जमाना त्यांच्या बोटांत अजून होता.

सरांनी फोटो स्क्रीनवर मोठा केला. रंग उडालेला, थोडा हललेला. दाराकडे पाठ करून आठजणी मशिनींवर बसलेल्या. त्यांच्यासमोर, आपल्याकडे तोंड करून शारदाबाई उभ्या, उजव्या खांद्यावरून पदर मागे टाकलेला. खिडकीशी बसलेली बाई बाहेर बघतेय आणि तिचा डावा हात मशिनीच्या चाकावर आहे.

"शारदाबाई पदर उजव्या खांद्यावर घ्यायच्या?"

"सर, आपल्या बुऱ्हाणपुरात निम्म्या बायका सीधा पल्लूच घेतात," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"काही नाही," ते म्हणाले. पण फोटोचा एक प्रिंट त्यांनी खिशात घातला.

४

मोहित दीडला आला. सत्तावीस वर्षांचा, जिममध्ये कमावलेले दंड, आणि डोळे असे लाल की तब्येतीचं खरं वाटावं. फाइल गेल्याचं ऐकून तो दचकला नाही, हे मला पहिल्यांदा खटकलं.

"मिल जाएगी, मॅडम," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बघा, कुठेतरी सेव्ह झाली असेल."

"दोन्हीकडून?" मी ओरडलेच. "उद्या चारला ती बाई येणार आहे मोहित, आणि परवा कदाचित तिला काहीच दिसणार नाही! कळतंय का तुला?"

त्यानं मान खाली घातली. सर मधे पडले.

"तुझं ऊन बघितलं. चांगलं आहे. सामानही तूच ठेवलंस ना?"

"हाव, सर."

सरांनी छोट्या चित्रात बोट ठेवलं. कापणीच्या टेबलाखाली, सावलीत, एक पिवळा डबा होता. झाकणाला भोक आणि भोकातून ओवलेली लाल फीत. शनिवारी रजनीताईंनीही विचारलं होतं, हा कुठून आला म्हणून.

"फोटोत हा डबा नाही."

"खाली खूप खाली-खाली वाटत होतं, सर. मतलब, रिकामं. म्हणून टाकला."

"टेबलाखाली कोण बघतं?"

मोहित बाटली उघडून पाणी प्याला.

"शारदाबाईंच्या क्लासात कधी गेला होतास?"

"मी काय शिवण शिकणार, सर?" तो हसला. दंड असे आखडून घेतले की मलाही हसू आलं.

सर मात्र हसले नाहीत. उठून काठी घेतली. "मनीषा, स्कूटी काढ. शारदाबाईंना भेटून येऊ. आणि मोहित, आम्ही येईपर्यंत कुठे जाऊ नकोस."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "सर, तो तर नाही म्हणाला."

"तो नाही म्हणालाच नाही," सर मागच्या सीटवर बसत म्हणाले. "त्यानं उलट मलाच विचारलं."

५

शारदाबाई ओट्यावर बसून दोऱ्याची रिळं चाचपत होत्या. आम्ही आल्याचं त्यांना आवाजावरून कळलं. फाइल हरवल्याचं आम्ही अर्थातच बोललो नाही.

"बाई, चित्र शेवटाला आलंय, एकदोन गोष्टी विचारायच्या होत्या," सर म्हणाले. "दारातून आत शिरलं की खिडकी कुठल्या हाताला?"

"डाव्या," त्या लगेच म्हणाल्या. "शिवणारीला उजेड डावीकडून लागतो, मास्तर. उजवीकडून आला तर हाताची सावली सुईवर पडते. त्या खिडकीसाठी तर ती खोली घेतली होती मी."

आमच्या चित्रात खिडकी उजवीकडे होती. सरांनी मला डोळ्यानं गप्प केलं.

"आणि तो पिवळा डबा? लाल फितीचा?"

बाईंचे हात थांबले. "तो डबा तुम्हाला कोणी सांगितला? रजनीलेही ठाऊक नाही तो. ती या घरात आली तेव्हा क्लास बंद झाला होता." मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून आठवतो. "बटणांचा डबा होता. मनकर्णाचं पोरगं खेळायचं त्याच्याशी. नवरा गेला तिचा, तेव्हा पोर कडेवर घेऊन शिकायला आली. खिडकीशी बसायची. पोर सगळा दिवस टेबलाखाली. मोत्या म्हणायचो त्याला."

"टेबलाखाली काय करायचा?"

"हजेरी घ्यायचा माझी!" त्या खळखळून हसल्या. "सगळ्यांना पायांवरून ओळखायचा. मी विचारायची, मोत्या, किती आल्या रे आज? तो खालूनच म्हणायचा, सात, बाई. कोण नाही आली? तर म्हणायचा, पैंजणवाली. जी नाही आली तिची मशीन त्यानंच कापडानं झाकायची, धूळ बसू नये म्हणून."

थोडा वेळ त्या रीळ फिरवत राहिल्या.

"मनकर्णा कुठे असेल हो? रजनीला सांगितलं होतं, त्या चित्रवाल्यांनाही विचार. गावात दुकान टाकीन म्हणाली होती. परवाच्या आधी एक डाव भेटली असती तर..."

निरोप आमच्यापर्यंत आला होता. रजनीताईंनी महिन्याभरापूर्वीच आमच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर विचारलं होतं. कुणीच काही बोललं नव्हतं.

६

परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. सरांनी कडूभाऊंनाही वर बोलावलं, सगळ्यांना समोर बसवलं आणि खिशातला प्रिंट टेबलावर ठेवला.

"आधी चूक कुणाची ते. शिवणाच्या मशिनीचं चाक कुठे असतं, मनीषा?"

"उजवीकडे."

"या बाईचा डावा हात चाकावर आहे. म्हणजे चाक डावीकडे. अशी मशीन बाजारात मिळते का? आता शारदाबाईंचा पदर बघ. सीधा पल्लू मागून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे छातीवर पसरतो. इथे पदर पुढून खांद्यावर गेलाय आणि मागे पडलाय. हा आपलाच नेहमीचा पदर, फक्त खांदा चुकलाय. बाईंचा खांदा चुकत नाही, फोटोचा चुकतो. कडू, निगेटिव्ह तू पालथी ठेवलीस."

कडूभाऊंनी कपाळावर हात मारला. "चकचकीत बाजू! बाप रे... ताई, चष्मा नव्हता लावला मी त्या दिवशी."

"दुसऱ्या गावात पदर बघून कुणीतरी अडखळलं असतं. आपल्याकडे दोन्ही पदर चालतात, म्हणून ही चूक सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेली. तृप्तीनं उलटी खोली बांधली. पण मशिनी तयार आणल्या, त्या सुलट्या राहिल्या. उलट्या खोलीत सुलट्या मशिनी. म्हणून चित्र बघताना माझा हात अवघडला, सुईवर सावली येत होती."

"मग फाइल?" तृप्तीने विचारलं.

"ज्याला हे कळलं त्यानं नेली. नुसतं चित्र उलटं छापून भागत नव्हतं, खोली सुधारली असती पण आठही मशिनींची चाकं डावीकडे गेली असती. दुरुस्तीला मॉडेलच लागणार. आणि नुसती कॉपी करून चालत नव्हतं, कारण इथे फाइल राहिली असती तर आज संध्याकाळी तीच उलटी खोली रेंडरला लागली असती. म्हणजे चोराला दोन गोष्टी येत होत्या. हे सॉफ्टवेअर, आणि ती खोली. सॉफ्टवेअर येणारे तिघं. खोलीतला डबा माहीत असणारा एकच." सरांचा आवाज खाली आला. "मोत्या, किती झालं काम?"

मोहितनं बॅगेतून लॅपटॉप काढला.

"झालंच आहे, सर. दोन मशिनी बाकी. लॅपटॉप हँग होऊ राहिला दर दहा मिनिटाला."

"महिनाभर ऊन लावत होतास, तेव्हा नाही कळलं?" मी विचारलं. रागानं विचारायचं होतं, पण आवाज निघाला नाही तसा.

"मॉडेलमधला कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर होता, मॅडम. त्या उंचीवरून ती खोली मी कधी बघितलीच नव्हती. शनिवारी डबा नीट बसला का बघायला कॅमेरा टेबलाखाली नेला. और एकदम... आईच्या पायांची जागा चुकीच्या बाजूला." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही म्हणाल्या, ठिपकाही हलवायचा नाही."

म्हणाले होते मी. मान वर करून बघितलंही नव्हतं.

"अरे, पण खोली उलटी आहे एवढं सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं असतं, तुला कसं माहीत. मग बाईंना कळलं असतं मी कोण. मग त्या विचारतील आई कुठे आहे. दोन वर्षं झाली मॅडम, आई गेली. जिचे डोळे चालले आहेत तिला हे कसं सांगू? मला वाटलं, खोली सरळ करून ठेवून देईन गुपचूप."

तृप्तीने आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. "सरक. एक मशीन मी फिरवते, एक तू."

सातला रेंडर लागला.

७

मंगळवारी चार वाजता शारदाबाई रजनीताईंचा हात धरून जिना चढल्या. कॅनव्हास भिंतभर लावला होता. कडूभाऊ चष्मा लावून कोपऱ्यात उभे होते.

बाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या, वीतभर अंतरावर. मान हळूहळू डावीकडे वळली आणि हात वर गेला.

"खिडकी," त्या म्हणाल्या. मग आठ मशिनींवरून बोट फिरवत गेल्या, टेबलाच्या कडेनं आल्या, आणि खाली वाकल्या. "हा डबा कोणी ठेवला?"

मोहित पुढे झाला. बाईंनी डोळा बारीक केला. त्यांना फक्त एक उंच सावली दिसत असणार.

"कोण आहे?"

एवढा आडदांड गडी, चित्रातल्या टेबलापाशी जमिनीवर उकिडवा बसला आणि तिथून वर बघू लागला.

बाईंनी हात खाली नेला. त्याच्या केसांवर ठेवला.

"मोत्या?"

"हाव, बाई."

"केवढा झालास रे!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "किती आल्या आज?"

मोहितनं चित्राकडे बघितलं. आठ रिकाम्या खुर्च्या, सगळ्यांवर तेच ऊन.

"सात, बाई."

बाईंचा हात त्याच्या डोक्यावरच थांबला. "कोण नाही आली?"

"खिडकीतली."

रजनीताईंनी तोंडाला पदर लावला. शारदाबाई तशाच उभ्या होत्या. मग त्या वळल्या, चाचपत खिडकीच्या मशिनीपर्यंत गेल्या आणि कॅनव्हासवर तळवा ठेवला. मोहित घाईघाईनं उठला.

"झाकू का, बाई? मी पाच मिनिटांत कापड टाकून देतो हिच्यावर. रात्रीतून परत छापता येईल."

"नको रे," त्या म्हणाल्या. "राहू दे उघडी. ऊन पडलंय तिच्यावर."

मी पंडित सरांकडे बघितलं. त्या दिवशी ते उनाबद्दल काहीच म्हणाले नाहीत.